दीड काठी लांब, अर्धी काठी रुंद

१० जानेवारी

चिंगे,

आधी खाली बस आणि मग वाच. पिवळे पेले उमलले!

हो, बाबांनी वाफ्यात कांदे पुरून लावलेली तीच फुलं. सगळे नाहीत, सात. सकाळी डोळे उघडले तर खिडकीबाहेर पिवळं काहीतरी हलत होतं. मला वाटलं दोरीवरचं कुणाचं फडकं उडून आलं. चष्मा लावला तर चक्क पेला, वर तोंड करून. बाहेर गाड्यांच्या काचांवर अजून पांढरा थर धरतो आहे, लोक तो खरवडत उभे असतात, आणि ही बया आपली उमलून बसली आहे.

बाबांची वही काढली. त्यांची तीस वर्षं आणि माझी अकरा, एकूण एक्केचाळीस वर्षांत सगळ्यांत लवकरचं फूल चौदा फेब्रुवारीचं. एरवी आपलं फेब्रुवारीच्या शेवटीच. म्हणजे यंदा नक्की किती आधी आले ते तूच मोज, तुझा तो धंदाच आहे.

वहीत अजून काही लिहिलेलं नाही. तारीख आणि संख्या लिहायला काय, दोन मिनिटं. पण तिसरा रकाना आहे ना, 'कारण'. बाबा काय सांगायचे आठवतं? ठाऊक नसेल तर कोरा सोडा, पण वहीत थाप मारायची नाही. तर हे असं का झालं ते तू सांग. तुमच्या कार्यालयात तीनशे घरांतून फुलांच्या नोंदी येतात, आणखी कुणाकडे अशी घाई झाली आहे का?

तू पुढे काय विचारणार ते ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगते. मी ठणठणीत आहे. मागल्या वर्षी न्हाणीघरात घसरले तेव्हा तुला शब्द दिला होता, पुन्हा पडले तर ट्रंक भरून तुझ्या चौथ्या मजल्यावर राहायला येईन. तो शब्द माझ्या लक्षात आहे आणि ट्रंक माळ्यावर आहे. दोन्ही जिथल्या तिथे बरे.

तुझी
ताई


१५ जानेवारी

ताई,

पत्र ऑफिसात उघडलं आणि ओरडलेच. साहेब केबिनमधून बाहेर आले. त्यांना वाटलं, उंदीर.

सात आठवडे! ताई, बाकीच्या तीनशेपैकी एकाही घरात काही नाही. तुझ्याच गावातल्या नऊ घरांची कार्डं आली आहेत, नवांच्या नवांनी 'अजून कोंबही नाही' असं लिहिलंय. म्हणजे हवामान नाही. आख्ख्या गावात थंडी आणि आपल्याच वाफ्यात वसंत, हे कसं काय? मला तर जेवण गोड लागेना.

तर आता नीट उत्तरं दे. फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरतेस.

उमललेली सात फुलं वाफ्यात कुठे आहेत? एकत्र की विखुरलेली? भिंतीपासून किती लांब? फाटकाकडच्या टोकाला काही हालचाल आहे का? माती बोट खुपसून बघ, गार आहे की कोमट? शेजाऱ्यांनी गरम पाण्याची नळी वगैरे टाकली आहे का? ह्या कांद्यांचं असं असतं, आधी त्यांना भरपूर थंडी लागते आणि मग ऊब. ऊब मिळाली की त्यांना वाटतं, उठायची वेळ झाली. कुणीतरी त्यांना ऊब देतंय. कोण देतंय ते शोधायचं.

टेप तुझ्या गळ्यात असतेच, तेव्हा इंचात मोज. चाळीस वर्षं लोकांच्या कंबरा मोजल्यास, आता एका वाफ्याची मोज.

फेब्रुवारीअखेर आमचा वार्षिक अहवाल छापायला जातो. इतकी वर्षं सलग नोंद असलेलं घर आपलं एकच आहे. साहेबांना यंदा बाबांच्या वहीवर एक पान द्यायचं आहे. तेव्हा कारण सापडलंच पाहिजे!

चिंगी

ता. क. वाढदिवसाचा स्वेटर अजून अंगातून निघालेला नाही. नोव्हेंबरात तुला इतका वेळ कसा मिळाला गं?


२० जानेवारी

चिंगे,

तुझे प्रश्न वाचून वकिलासमोर उभी आहे असं वाटलं. घे उत्तरं.

फुलं आता नऊ झाली. सगळी एकत्र आहेत, अडगळीच्या खोलीच्या भिंतीला लागून. म्हणजे बाबांनी स्वतःच्या हाताने बांधलेली ती एका विटेची भिंत, जिला आई 'पापड' म्हणायची. पावसाच्या पाण्याचा पाइप आहे ना, तिथपासून खिडकीकडे दीड काठी लांब, आणि भिंतीपासून अर्धी काठी रुंद. ह्या चौकोनाच्या बाहेर एकही नाही. पुढे नुसते हिरवे कोंब, आणि फाटकाकडच्या टोकाला तेही नाहीत, माती घट्ट मिटलेली. काठी चौतीस इंचांची आहे, खालचं रबर धरून. मी उगाच अंदाजपंचे सांगत नाही.

मातीत बोट घातलं नाही. गारठा फार आहे, नखं दुखतात.

नळीचं पलीकडच्या ड्रायव्हरकाकांना विचारलं. ते म्हणाले, नळी नाही न काही नाही, पृथ्वी तापतेय. मी म्हटलं, पृथ्वी काय आमच्याच पाइपापासून तापायला लागली का? तर म्हणाले, कुठून तरी सुरुवात होणारच. तीस वर्षं बस चालवून माणूस असा होतो. पडदे शिवायला टाकून गेलेली बाई म्हणाली, घरात काहीतरी चांगलं घडणार. तिला म्हटलं, तुमचे पडदे वेळेवर झाले तर तेच चांगलं.

बाकी विशेष नाही. मशीनला मोटर बसवून घेतली. पाय मारून मारून कंटाळा आला होता. आता बटण दाबलं की घर्रकन पळतं, पहिल्या दिवशी एक बाही स्वतःच्याच पदराला शिवली.

स्वेटर आवडला ना, मग झालं. वेळ काय, काढला की मिळतो.

ताई


२४ जानेवारी

ताई,

उत्तरं फार छान दिलीस. एकावन्न इंच लांब, सतरा इंच रुंद, असं मी कार्डावर लिहून ठेवलं.

आता वाफ्यापाशी जाऊ नकोस. उगाच माती तुडवली जाते, आणि कोंब नाजूक असतात. इथून पुढे सगळं खिडकीतूनच बघ. रोज सकाळी उठल्यावर किती फुलं दिसतात तेवढंच मोज. ऊन वाफ्यावर किती वाजता येतं, किती वाजता जातं? चिमण्या येतात का? एवढंच पुरे. बसल्या बसल्या होईल.

आणि सहज विचारते, त्या अडगळीच्या खोलीत सध्या काय ठेवलंय? भिंतीच्या आतल्या बाजूला?

इथे सगळं ठीक. लिफ्ट पुन्हा बंद आहे. चार जिने चढून आले की मी अर्धा तास कुणाशी बोलत नाही.

काळजी घे. पायात जाड मोजे घाल.

चिंगी


२९ जानेवारी

चिंगे, खोलीत अडगळ आहे, अडगळीच्या खोलीत असते तशी. फुलं अकरा. ऊन नऊला येतं, साडेअकराला जातं. चिमण्या येतात. कापायचं काम पडलं आहे, म्हणून कार्डावरच भागवते. ताई


२ फेब्रुवारी

ताई,

कार्ड मिळालं. अकरा म्हणजे कमालच.

मी आता आणखी काही विचारत नाही. अहवालाचं पान ह्या महिन्यात द्यायचं आहे, आणि त्यासाठी मला फक्त वहीतली ओळ हवी. तारीख, संख्या आणि तिसरा रकाना. तू वहीत जे लिहिशील ते जसंच्या तसं उतरवून पाठव, मी त्यात एक अक्षर बदलणार नाही. रकाना कोरा सोडलास तर कोरा छापू.

सावकाश लिही. घाई नाही.

चिंगी


९ फेब्रुवारी

चिंगे,

चार दिवस वही उशाशी घेऊन बसले आहे. पत्रात तुला काय वाटेल ते लिहिता येतं गं, पण त्या वहीत बाबांचं अक्षर समोर असतं. रकाना कोरा सोडावा असंही दोनदा मनात आलं. पण कारण ठाऊक असताना कोरा सोडणं म्हणजेसुद्धा थापच की. शेवटी लिहिलं. जसंच्या तसं उतरवते:

'१० जानेवारी. सात. कारण: भिंतीच्या आत हीटर. हीटर कारण आत माझी कॉट. कॉट खाली कारण जिना चढवत नाही. सहा नोव्हेंबरला पडले.'

बाबांच्या एवढ्या वर्षांत ह्या रकान्यात 'पाऊस कमी' आणि 'मांजराने उकरले' ह्यापलीकडे काही आलं नव्हतं.

आता सविस्तर. पडद्यांच्या कापडाचा गठ्ठा घेऊन वरून येत होते. गठ्ठ्यामुळे पाय दिसेना. मला वाटलं जिना संपला, पण दोन पायऱ्या शिल्लक होत्या. घोट्याचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, मग काठी. ड्रायव्हरकाकांनी माझी कॉट वरून खाली अडगळीच्या खोलीत आणली आणि त्यांच्याकडचा हीटर कॉटजवळ, भिंतीला टेकवून लावून दिला. तुला कळवणार होते ते, मी त्यांना शपथ घातली. बिचारे तेव्हापासून तुझं नाव निघालं की पृथ्वीच्या तापण्यावर बोलायला लागतात. स्वेटर प्लास्टरमध्येच झाला. दुसरं करणार काय होते?

गंमत अशी की मला कारण खरंच ठाऊक नव्हतं. तुझी शपथ. ते फूल बघून मी हरखूनच गेले आणि तुला लिहिलं. आपल्या हीटरने उमललंय हे डोक्यातसुद्धा आलं नाही. वाफा मोजायला गेले, दीड काठी भरली, आणि परत येऊन कॉटवर बसले तेव्हा हीटरपासून खिडकीपर्यंतची भिंत बघितली आणि मनात म्हटलं, अगं बाई! तरी तुला तेच आकडे पाठवले. आकडे कसे खोटे लिहिणार? चाळीस वर्षांची सवय आहे हाताला.

आणि तू मला पकडलंस हे मला कधी कळलं, सांगू? चोवीस तारखेच्या पत्रात. त्याआधी तू मला मातीत बोटं घालायला लावत होतीस, आणि एकदम तुझे सगळे प्रश्न असे झाले की कंबर न वाकवता, जागचं न उठता उत्तर देता यावं. वर म्हणतेस जाड मोजे घाल. तू कधी माझ्या मोज्यांची चौकशी केली होतीस गं? वाचून मला रडू आलं. मग राग आला, आणि रागाच्या भरात ते कार्ड टाकलं. अडगळ म्हणून लिहिलं ते तितकंसं खोटंही नव्हतं, स्वतःलाच म्हणाले होते.

शब्द दिला होता तो दिला होता. नाही म्हणणार नाही. पण चिंगे, तुझ्या चौथ्या मजल्यावर मी काय करू? तिथे माझी गिऱ्हाइकं नाहीत, वाफा नाही, आणि खिडकीतून समोरच्याची खिडकी दिसते. मला भीती वाटते. पडण्याची वाटत नाही इतकी त्याची वाटते. म्हणून बोलले नाही.

ताई


१३ फेब्रुवारी

ताई,

दोन दिवस तुझ्यावर इतकी चिडले होते की पेन हातात धरवत नव्हतं.

होय, काठीवरूनच कळलं. पहिल्या पत्रातच मनात पाल चुकचुकली होती, तुझी झोपायची खोली वर, रस्त्याच्या बाजूला, मग डोळे उघडल्या उघडल्या वाफा कसा दिसला? मग मोटर. जी बाई पन्नाशीत मोटरवाल्याला दारातून हाकलून देते, ती आता मोटर लावते? आणि मग 'खालचं रबर धरून'. ताई, गळ्यात टेप असलेली शिंपीण काठीने मोजते, आणि त्या काठीला खाली रबर असतं! तू रबराचा अर्धा इंचही सोडला नाहीस. तो सोडला असतास तर कदाचित मी फसले असते.

तुला वाटतं मी पडण्यावर चिडले. मी तीन महिन्यांवर चिडले. प्लास्टरमध्ये स्वेटर विणून पाठवतेस, आणि मी तो घालून ऑफिसात मिरवते, सगळ्यांना सांगते की आमची ताई ह्या वयातही कशी धडधाकट आहे. मी किती मूर्ख दिसले असेन ह्याचा विचार केलास? तू कुणाला तरी हाक मारत होतीस आणि ती मी नव्हते, हे मला फार लागलं. खरं सांगते, फार लागलं.

आता शब्दाचं बोलू. मला तुला फरफटत आणायचं नाही, पण तू एकटी आहेस आणि मला रात्री झोप येत नाही. तेव्हा असं करू. फाटकाकडच्या टोकाचे पेले हीटरने उठलेले नाहीत, ते आपल्या वेळेलाच उमलतील, म्हणजे पंधरा दिवसांत. पहिलं उमललं की तू अडगळीच्या खोलीपासून त्याच्यापर्यंत चालत जायचं. काठीशिवाय, कुणाचा हात न धरता. तीस पावलं आहेत, लहानपणी मोजली आहेत मी. जमलं तर तुझं घर तुला. नाही जमलं तर ट्रंक.

साक्षीदार नको. वहीत लिही, मला पुरे आहे.

चिंगी


२७ फेब्रुवारी

चिंगे,

वहीतली ओळ:

'२६ फेब्रुवारी. फाटकाजवळ एक. कारण: त्याची वेळ झाली. तिथवर गेले. काठी घेऊन. दोनदा थांबले. वाटेतल्या पायरीवर ड्रायव्हरकाकांचा हात धरला.'

दहा दिवस रोज खोलीतल्या खोलीत काठी टाकून चालून बघत होते. अकरा पावलं जमतात, बाराव्याला घोटा ऐकत नाही. काल सकाळी टोकाला पिवळं दिसलं तेव्हा काठी कॉटवर ठेवून निघाले. दारापर्यंत गेले आणि उभी राहिले. बाहेर कुणी बघायला नव्हतं. पुढे जाऊन पडले असते तर तुला काय लिहिणार होते? मागे फिरून काठी घेतली आणि पलीकडे ड्रायव्हरकाकांना हाक मारली.

फूल मात्र काय सांगू! भिंतीजवळचे उंच आणि किडकिडीत आहेत, घाईत वाढलेल्या पोरांसारखे. हे बुटकं आहे, जाड देठाचं, रंग असा की डोळे निवतात. पाच मिनिटं काठीवर टेकून बघत होते. ड्रायव्हरकाका म्हणाले, चिंगीला 'काठीशिवाय' लिहा, मी साक्ष देतो. मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा, तुम्हाला एक गोष्ट पोटात ठेवायला सांगितली तर तुमचं वजन वाढलं.

त्यांच्याकडूनच ट्रंक काढून घेतली. दोन साड्या, कात्री आणि वही ठेवली आहे. मशीन नंतर पाठवतील. वाफ्याला पाणी घालायला ते तयार आहेत. नोंदही ठेवतील म्हणाले, पण कारणाच्या रकान्यात ते दरवर्षी एकच गोष्ट लिहितील अशी मला धास्ती आहे.

कधी येऊ ते कळव. लिफ्ट सुरू झाली का?

ताई


२ मार्च

ताई,

तुझं पत्र जिन्यातच वाचलं, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये बसून. लिफ्ट अर्थातच बंद आहे. घोट्यापायी जिना सुटलेल्या बाईला मी चार मजल्यांवर न्यायला निघाले होते, हे मला त्या पायरीवर बसल्यावर सुचलं. कुणाला सांगू नकोस.

आणखी एक सुचलं. तू 'काठीशिवाय' लिहिलं असतंस तर मी काय करणार होते? विश्वास ठेवला असता, आणि मग रोज रात्री छताकडे बघत पडले असते की खरं असेल का. तू काठी लिहिलीस, दोन थांबे लिहिलेस, काकांचा हात लिहिलास. तुझं घर जाणार हे ठाऊक असताना लिहिलंस. काल पत्र वाचून मी जेवले आणि सकाळपर्यंत गाढ झोपले. तू न्हाणीघरात घसरलीस तेव्हापासून मला हे एवढंच हवं होतं गं. तू पडणारच नाहीस असं मी कुठे म्हणते? पडलीस तर मला कळलं पाहिजे.

तेव्हा शब्द बदलू. दर रविवारी मला एक कार्ड. किती पावलं जमली, कुठे दुखलं, कोण आलं. वहीत लिहितेस तसं, कोऱ्याला कोरं. तेवढं कर आणि तुझ्या घरात राहा. कॉट खालीच राहू दे. हीटर मात्र भिंतीपासून हातभर पुढे ओढ. पुढच्या थंडीत कांद्यांना झोपू दे, आणि भिंत पापडाची आहे हे विसरू नकोस.

अहवालाचं पान तुझ्या पत्रासाठी अडवून धरलं होतं, ते आज तयार झालं. फाटकाजवळच्या फुलाची तारीख बाबांच्या ओळीत धरली, आणि भिंतीजवळच्या सातांची तळटीप केली. कारणाच्या रकान्यात तुझं घोट्याचं रामायण छापणं बरं दिसेना. एक अक्षर बदलणार नाही म्हटलं होतं, तो शब्द मोडला, माफ कर. मी एवढंच लिहिलं: 'भिंतीच्या आत माणूस राहतं.' साहेब म्हणाले, हे शास्त्रीय वाटत नाही. मी म्हटलं, मोजून घेतलंय साहेब, एकावन्न बाय सतरा.

शनिवारच्या गाडीने येते आहे. फाटकाजवळचा पेला मला बघायचा आहे, आणि ती तीस पावलं आपण दोघी मिळून चालू, माझाही गुडघा हल्ली कुरकुरतो.

ट्रंक परत माळ्यावर टाकायची आहे. ड्रायव्हरकाकांना सांग. तू स्टुलावर चढलीस तर माझ्याशी गाठ आहे.

तुझी
चिंगी